घरच्या वापरासाठी खुर्ची

सकाळी पावणेसात वाजता सगुणा कोपरीतल्या घरापुढे उकिडवी बसून चाकांच्या आऱ्या काथ्याने घासत होती. १९५३च्या मार्चमधला सोमवार होता. सरकारी दवाखान्यात खुर्ची दाखवण्याचा दिवस. महिन्यापूर्वी ही चाकाची खुर्ची दवाखान्यातून वापरायला मिळाली तेव्हा तिचा पांढरा रंग डोळ्यांत भरत होता. आता आऱ्यांवर तांबूस पापुद्रे धरले होते आणि उजवे चाक कण्हत होते.

"घास, घास," ओटीवरून सासरा काळुराम म्हणाला. "मी पयल्याच दिवशी बोललेलो, मिठान लोखंड नेऊ नको गो."

तो बोलला होता खरा. पण काळुराम दिवसभर काही ना काही बोलतच असे. त्यातले कोणते ऐकायचे? मिठागरात लोखंड टिकत नाही, म्हणून तिथली अवजारेसुद्धा लाकडाची, हे तिलाही ठाऊक होते. पण वस्तू सरकारची, वर एवढा रंग. सरकारी लोखंडाचे काही वेगळे असेल असे तिने धरले होते.

गेल्या हंगामात मिठागराच्या बांधावर घसरून काळुरामच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्याचे उठणे, बसणे, धुणे, पुसणे सगुणाकडे. नवरा गणू खडवलीला रेल्वेच्या गँगमध्ये. रविवारी यायचा, बापाशी गप्पा मारायचा, मासळीचे जेवण जेवून जायचा. म्हातारा पडून राहिला की पाठ सोलवटायची. सगुणा घरी राहिली की मिठाचे काम सुटायचे. म्हणून ती त्याला खुर्चीत घालून मिठागरावर नेई, खोपटाच्या सावलीत बसवी आणि कामातून उठून मधूनमधून त्याला हलवून जाई. खुर्ची गेली तर हे सगळे मोडणार होते.

दवाखान्याचे नियम दोन. आजाऱ्याने स्वतः हजर राहावे, आणि खुर्ची रिकामी दाखवावी. हे दोन्ही एकाच माणसाला सुचले असतील यावर सगुणाचा विश्वास बसत नव्हता. दवाखान्यात पोचल्यावर तिने काखेत हात घालून सासऱ्याला बाकावर उतरवले, भिंतीला टेकवले आणि खुर्ची मागच्या भांडाराकडे नेली. सामान सांभाळणारे कारकून हरिहरराव चाकापाशी वाकले. बोटाला लागलेला गंज त्यांनी तिच्यासमोर धरला आणि खुर्ची कुठे कुठे फिरते ते विचारले. तिने खरे ते सांगितले.

"बाई, ही घरच्या वापरासाठी आहे. मिठागर काय घर आहे?"

"घरी कोन नाय साहेब. मी जिथं, म्हातारा तिथं."

"ते तुमचं झालं. खुर्ची आजाऱ्यासाठी दिलीय, तुमच्यासाठी नाही."

"मग म्हाताऱ्याला उचलून तिच्यात बसवतं कोन? खुर्ची?"

हरिहरराव हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण वरच्यांना उत्तर त्यांना द्यायचे होते आणि याच खुर्चीसाठी आणखी दोन घरे खेपा घालत होती. गंज काढून, तेल घालून पुढल्या सोमवारी दाखवा, असे ते म्हणाले. चाक पुन्हा बांधावर गेले तर खुर्ची जमा. रस्त्यावर चालेल का, असे तिने विचारले. रस्त्याविषयी नियमात काही नव्हते. त्यांनी मान हलवली. सगुणाने ते होकारार्थी घेतले.

रस्ता संपून बांध सुरू होतो तिथे रंगूबाईचे चहाचे दुकान होते. परतताना सगुणाने तिला गळ घातली. म्हाताऱ्याला छपराखाली बसू दे, जरा नजर ठेव. रंगूबाई तयार झाली. फक्त म्हातारा गिऱ्हाइकांना शिकवायला लागला तर त्याचे तोंड रस्त्याकडे फिरवीन, एवढे तिने बजावले. सगुणाला मात्र त्याला हलवायला दर खेपेला सगळा बांध तुडवत यावे-जावे लागणार होते, आणि मुकादम कुरकुरणार होता. तरी तिला वाईट वाटत होते ते म्हाताऱ्याचे.

"बाबा, हितनं मीठ दिसनार नाय."

"मीठ काय बघायचं गो? जनमभर तेच बघितलं. हितं मानसं तरी येतात."

"मग महिनाभर बोललात का नाय?"

"बोललेलो. तू आयकतेस कुठं?"

सगुणाने चाकाखाली अडसर म्हणून दगड लावला, पदर खोचला आणि ती बांधाला लागली. अर्ध्यावर पोचल्यावर तिच्या ध्यानात आले. उद्या मंगळवार. मंगळवारी रंगूबाई सुकी मासळी घेऊन कल्याणच्या बाजाराला जाते आणि दुकान दिवसभर बंद असते.