दोघांनी पाहिलेले पक्षी

रोज सकाळी आम्ही नवराबायको खाडीच्या बांधावर पक्षी बघायला जातो. दुर्बीण एकच, ह्यांच्या गळ्यात. नियमही एकच: दोघांनी पाहिलेला पक्षीच वहीत लिहायचा. पक्षी मात्र दोघांसाठी थांबतोच असं नाही.

आज एका खुंटावर ह्यांना खंड्या दिसला.

"लवकर बघ!" म्हणत ह्यांनी पट्टा न काढताच दुर्बीण माझ्याकडे वळवली. मी ह्यांच्या खांद्याला टेकून पाहिलं, तर नुसता ओला खुंट आणि ओहोटीचा चिखल.

"दिसला?"

"दिसला की! काय निळा आहे!"

ह्यांनी खूश होऊन खंड्या वहीत लिहिला.

घरी आल्यावर मी वहीची जुनी पानं उलटत बसले. इतक्या वर्षांत मी दाखवलेला एकही पक्षी ह्यांचा कधी हुकलेला नाही.