गावाला विचारलं नव्हतं

मी गाव सोडलं तेव्हा मे महिना होता. एसटी व्हाळाच्या पलीकडे उभी राहायची, आमच्या वाडीत यायची नाही. व्हाळ म्हणजे आमचा ओढा. उन्हाळ्यात त्यात नुसते दगड. मी डोक्यावर ट्रंक घेऊन ते दगड तुडवत पलीकडे गेलो. मागून आई कुळथाच्या पिठाची पिशवी घेऊन, आणि तिच्यामागे शालू, माझी धाकटी बहीण. ती तेव्हा चौथीत होती आणि माझी छत्री तिनेच धरायची असा तिचा हट्ट होता. गाडी सुटताना आईने खिडकीच्या गजांमधून हात आत घातला आणि म्हणाली, "पोचलंस की कागद घाल. आणि थंय गेलंस म्हणान आमका इसरू नको हां."

विसरलो नाही. उलट पुढची दहा वर्षं मी गावासाठीच राबतोय अशी माझी समजूत होती. आता आमच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाची तरुण पोरं स्मरणिका काढतायत. परवा म्हणाली, "काका, तुम्ही जुने सेक्रेटरी. वाचनालय कसं उभं राहिलं ते लिहा ना, झकास होईल." झकास होईल की नाही माहीत नाही. पण गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, जे झालं ते लिहितो.

घाटकोपरला मामाकडे उतरलो. डोंगरावरच्या वस्तीत दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात जण. मामा तेव्हा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. पुढे गिरणी बंद पडली आणि तो मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, फक्त गणवेशाची टोपी घरी येण्याआधी पिशवीत घालायचा. मला मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिक मोल्डिंगच्या एका गाळ्यात नोकरी लागली. डब्यांची झाकणं, बटणं, खेळण्यांची चाकं. गरम प्लास्टिकचा वास कपड्यांतून कधी गेलाच नाही. मॅट्रिक झालेला असल्यामुळे दोन-तीन वर्षांत मशीनवरून उठून टेबलाशी आलो, चलनं लिहायला लागलो.

आमच्या गावाचं मंडळ मामानेच चालवलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात चाळीसेक माणसं जमायची, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. प्रत्येक जण जमेल तेवढं द्यायचा. त्यातून देवळाची कौलं बदलली, शाळेला घंटा दिली. गिरण्या बंद पडल्यावर तेही आटलं. ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार, ते गावाला काय देणार? मामा तरी सभा घ्यायचा. म्हणायचा, "देऊक नसला तरी येवन बसा. तितक्याच गावात गेल्यासारख्या वाटता."

मी सेक्रेटरी झालो तो याच काळात. आणि तेव्हाच आमच्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

शेठ कच्छी, घाटकोपरचेच. त्यांची आई नुकतीच वारली होती आणि तिच्या नावाने त्यांना काहीतरी करायचं होतं. म्हणाले, "सदा, आमच्या गावात आमचे लोक सगळं करून बसलेत. शाळा हाय, दवाखाना हाय, गाईंनाबी पाण्याचा हौद हाय. तिथे मी अजून काय करू? तू तुझ्या गावाचं मंडळ चालवतो ना? तुझ्या गावाला काय पायजे? कागद लिही, विचार, मग सांग. घाई नाय."

घाई नाय, असं ते स्वतः म्हणाले होते. मी मात्र तिथल्या तिथे, उभ्या उभ्या सांगितलं, "शेठ, वाचनालय."

असं का बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाचायचा नाद होता हे खरं. घाटकोपरच्या वाचनालयात रविवारी पेपर वाचत बसलेली माणसं बघितली की वाटायचं, आमच्याकडे हे असतं तर! पण ते अर्धंच. शेठच्या केबिनमध्ये गुळगुळीत टेबल होतं, टेलिफोन होता. त्या टेबलासमोर उभं राहून आमच्या व्हाळावर साधा साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल नाही, पावसाळ्यात आमची माणसं चार महिने अडकून पडतात, हे सांगायची मला लाज वाटली. वाचनालय म्हटलं की गाव शिकलेलं वाटतं.

आणि मला माहीत होतं. आई लिहायला शिकली नव्हती, तिची पत्रं शालू लिहायची. दर वर्षी जून उलटला की पत्रात एक ओळ असायची: "व्हाळ भरला आहे. शालू घरीच आहे. बाकी सर्व ठीक." मी ती ओळ हवापाण्याची खबर म्हणून वाचायचो. चौथीपर्यंतची शाळा आमच्या वाडीत होती, हायस्कूल व्हाळापलीकडे. मी शिकलो तेव्हा पावसाळाभर पलीकडच्या गावात मास्तरांच्या ओसरीवर वळकटी टाकून राहिलो. मुलगा होतो, राहिलो. मुलीला कोण कुणाच्या ओसरीवर ठेवतंय?

सभेत मी वाचनालयाची बातमी सांगितली तेव्हा माणसं बाकं वाजवायला लागली. मामाने एकट्याने बाक वाजवलं नाही. जरा आवाज थांबल्यावर म्हणाला, "गावाक इचारलंस काय रे?"

मी हसलो. "त्यात विचारायचं काय, मामा? वाचनालय कोणाला नको असतं?"

मामाने मान हलवली. वॉचमनची नोकरी लागल्यापासून तो सभेत कमी बोलायचा. मला तेव्हा ते सोयीचं वाटलं.

पुढच्या मेमध्ये उद्घाटन. चिऱ्याच्या दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, दारावर शेठच्या आईचं नाव, त्याखाली मंडळाचं. शेठ घरच्यांना घेऊन गाडीने आले. गाडी पलीकडे थांबली आणि ते पांढऱ्या धोतरात, चपला हातात घेऊन, दगडांवरून चालत यायला लागले. मी पुढे, त्यांना हात द्यायला. अलीकडच्या काठावर शालू ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. पोरगी आठवी पास झाली होती. पावसाळाभर घरी बसून, मैत्रिणीच्या वह्या दिवाळीनंतर उतरवून घेऊन पास झाली होती.

काठाशी येता येता शेठ थांबले. दोन्ही बाजूंच्या उंच काठांकडे बघत म्हणाले, "सदा, बारिश में इधर पाणी बहोत आता होएंगा ना?"

शालू दोन हातांवर होती. मी म्हणालो, "थोडं येतं, शेठ. चालतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताट सावरलं, शेठना कुंकू लावलं, ओवाळलं. भाषणं झाली. माझं नाव चार वेळा घेतलं गेलं.

त्या पावसाळ्यात शालू नववीत होती. व्हाळ जूनमध्ये भरला तो नवरात्र आलं तरी उतरेना. हजेरी भरली नाही म्हणून शाळेने नाव कमी केलं. हे मला दिवाळीच्या पत्रातून कळलं, तिच्याच अक्षरात, नेहमीच्या गोलसर आणि सरळ ओळींत: "माझे शाळेतले नाव कमी झाले. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे दिली आहे. आईची तब्येत बरी."

मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि कामाला लागलो. उत्तर लिहिलंच नाही. मनिऑर्डर तेवढी केली.

चार वर्षं शालूने ते वाचनालय सांभाळलं. वाचणारी पोरं एकेक करून मुंबईला आली. उरली म्हातारी माणसं आणि शालू. तिने तिथलं प्रत्येक पुस्तक वाचलं, काही दोनदा. म्हणजे वाचनालय वाया गेलं असं मला म्हणता येत नाही. ते म्हणता आलं असतं तर कदाचित सोपं झालं असतं.

मग मी तिला मुंबईला आणलं. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलुंडला दोन खोल्या घेतल्या होत्या. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला बायका घेत होते. मी तिच्याबरोबर गेलो. क्लार्कने फॉर्मवरून नजर न काढता विचारलं, "शिक्षण?"

"आठवी."

"नंतर?"

"नंतर नाही."

त्याने लिहिलं. शेजारच्या टेबलावर दहावी झालेल्या मुलींना तपासणी खात्यात घेत होते, खुर्चीवर बसून करायचं काम. शालूला पॅकिंगला उभं राहायचं काम मिळालं. बाहेर आल्यावर माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "शालू, त्या दिवशी शेठनी पाण्याचं विचारलं तेव्हा तू का नाही बोललीस? आणि त्याआधी, पत्रात तरी लिहायचंस की साकव पाहिजे म्हणून."

ती चिडली नाही. चपलेचा अंगठा नीट करत म्हणाली, "दादा, तू इचारलंस खंय?"

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. साकवाचं, लाजेचं, त्या दिवशी खोटं बोललो त्याचं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी गावाला विचार म्हटला होता, सदा. तुला नाय विचारला होता." एवढंच. धंदा तेव्हा मंदीत होता, पुढच्या वर्षी त्यांनी गाळा विकला.

साकव शेवटी झाला. मामाने घरोघर फिरून, चार आण्यांपासून जे मिळेल ते घेऊन केला, आणि त्याआधी गावात जाऊन बायकांना एकत्र बसवून विचारलं की नेमका कुठे पाहिजे. आम्ही देवळाजवळ धरून चाललो होतो. बायकांनी वरच्या अंगाला, शाळेच्या वाटेवर सांगितला. त्यावर नाव कुणाचंच नाही. स्मरणिकेत फोटो छापायचाच असेल तर पोरांनो, त्याचा छापा.

तोपर्यंत शालूचं लग्न होऊन ती चारकोपला संसाराला लागली होती. मी एकदा तिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म नेला, बाहेरून दहावीला बसता येतं तो. तिने दोन्ही बाजू नीट वाचल्या आणि परत दिला. "आता रे कशाक, दादा?" मी आग्रह केला नाही. पुन्हा एकदा मीच ठरवून आणलं होतं, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

तिची मुलगी दहावीला बसली तेव्हा सेंटर बोरिवलीला होतं. पहिल्या दिवशी मीही गेलो. बाकीचे आईबाप सावलीत रुमाल अंथरून बसले होते. शालू तीन तास फाटकासमोर उभी. मी म्हटलं, "बस गं जरा." नाही बसली. मुलगी बाहेर आली तशी तिने पोरीला जवळ घेतलं, पण लगेच तिच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली आणि भर उन्हात, फुटपाथवर, पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागली. माणसं तिला वळसा घालून जात होती. शेवटच्या पानापर्यंत आली आणि हळूच, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखं म्हणाली, "सोपो होतो गं."

गाव कुठलं, असं कोणी विचारलं की मी अजून वाडीचं नाव सांगतो. आई गेली, घराला कुलूप आहे. मुलुंडच्या खोल्यांना मी घर म्हणतो, सवयीने. पण मनात गाव म्हटलं की आता मला ना व्हाळ दिसतो, ना देऊळ. प्रश्नपत्रिका वाचणारी शालू दिसते, आणि तिच्या शेजारी तिची पिशवी धरून उभा असलेला मी.