छू मंतर, हात मोकळा!

माझ्या गोष्टीतल्या जादूगाराला एकच मंत्र येत होता, कारण मला दुसरा सुचत नव्हता.

आमची पिंकी, वय वर्षे नऊ, गोष्टीशिवाय घास गिळत नसे. म्हणून मी एक पोरसवदा जादूगार जन्माला घातला. समोर राक्षस आला की तो फक्त म्हणायचा, "छू मंतर, हात मोकळा!" की राक्षसाच्या हातातली तलवार खाली. बस्स! महिनाभर हेच चाललं होतं.

"बाबा, थो मोठा मंत्र काहून नाई शिकत? राक्षसाले एकदम भस्मच करून टाकाचं ना!"

"जेव मुकाट्यानं!" (माझ्यासारखा शाळामास्तर निरुत्तर झाला की हेच म्हणतो.)

त्याच दुपारी वांग्याची भाजी अळणी निघाली. मी बोललो. माझी बायको सुनंदा म्हणाली, "उद्यापासून तुमीच करा सैपाक!"

"मले या घरात काई किंमतच नाई!" असं गरजून (हे मी आठवड्यातून दोनदा गरजतो) मी फवारणीच्या औषधाची बाटली उचलली आणि अकोट रस्त्यावरच्या आमच्या दोन एकरांकडे निघालो. तुरीवर अळी पडली होती, दुसरं काही नाही.

पण वऱ्हाडातली ती वर्षं वाईट होती. एक दिवसाआड कुठल्या ना कुठल्या गावचा शेतकरी गेल्याची बातमी यायची. बाया औषधाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या. रुसलेला माणूस बाटली घेऊन एकटा शेतात गेला, तर सारी गल्ली मागे धावायची. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर विसरले!

शेतात पोचल्यावर कळलं, चष्मा घरीच राहिला. एका पंपाला औषध किती, हे वाचायला मी बाटली पार नाकाजवळ नेली. तेवढ्यात बांधावरून पिंकीची किंकाळी आली, "छू मंतर, हात मोकळाऽऽ!"

मी असा दचकलो, की बाटली पडली ती थेट पायाच्या अंगठ्यावर! पाठोपाठ शेजारच्या शकीलभाईंनी सायकलवरून माझ्यावरच उडी घेतली.

"मास्तर, पागल हो गए क्या!"

"अहो, मी वाचून राहिलो होतो! चष्मा इसरलो!"

मागून सुनंदा धावत आली. हातात उलथनं तसंच होतं, पायात चप्पल नव्हती. ती बांधावर बसली आणि हमसून हमसून रडली. मला माझीच फार लाज वाटली.

पिंकी मात्र कमरेवर हात ठेवून विचार करत होती. "बाबा, बरं झालं त्याले मोठा मंत्र येत नाई. आज तुमीच भस्म झाले असते!"

महिनाभर मला न सापडलेलं उत्तर तिनं अंगठा सुजलेल्या बापाला दिलं.

तेव्हापासून चष्मा दोरीनं माझ्या गळ्यात असतो. भाजी अजूनही अधूनमधून अळणी होते. मी मिठाची बरणी उचलली, की सुनंदा मान वर न करता म्हणते, "छू मंतर..."

आणि मी बरणी खाली ठेवून मिटक्या मारत जेवतो.