लेऑन्सचं नाक

लेऑन्स काब्रोलला वास येत नाही, हे गावात फक्त मला ठाऊक होतं.

गावालगतच्या थो नावाच्या खाऱ्या तळ्यात त्याच्या कालवांच्या चार रांगा होत्या. इथे भरती-ओहोटी नसल्यासारखीच. एकेक कालव हातानं सिमेंटच्या ठिपक्यानं दोराला चिकटवायचं, दोर पाण्यात सोडायचे, वर्ष-दीड वर्षानं काढायचे. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं.

उन्हाळ्यात वारा पडला की तळाचं पाणी सडतं. आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो, अगदी पुसट. मग पाणी दुधासारखं होतं आणि सगळं मरतं. तो पुसट वास लेऑन्सला सगळ्यांच्या आधी लागायचा. तो सांगेल तेव्हाच लोक दोर उचलायचे. उगाच उचलले, तर न वाढलेली कालवं मातीमोल भावानं जातात.

फेब्रुवारीत त्याला ताप येऊन गेला. एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे जेवायला गेलो. त्यानं वाढलेला मासा नासला होता. तो मिटक्या मारत खात होता.

"लेऑन्स, खाऊ नकोस. वास मारतोय."

त्यानं काटा खाली ठेवला. ताट बाजूला सारलं.

"मास्तर, हे बाहेर बोलायचं नाही." मी साहित्याची पदवी घेतल्यापासून तो मला मास्तर म्हणायचा.

मी बोललो नाही.

ऑगस्टमध्ये नऊ दिवस पान हललं नाही. ओदेत धक्क्यावर आली. तिच्या रांगा त्याच्या शेजारीच. नवरा गेल्यापासून ती एकटीच बघायची.

"काय रे म्हाताऱ्या, काय म्हणतंय नाक? की त्यालाही पेन्शन लागली?"

लोक हसले. लेऑन्स वाकला. ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी धरलं. माझ्याकडे बघायचं टाळलं.

"राहू दे दोर. परवा उत्तरेचा वारा सुटेल."

"मग मी बहिणीकडे जाऊन येते दोन दिवस."

मी तिथंच उभा होतो. वाटलं, सुटेलही वारा.

सुटला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी पांढरं झालं. दोर वर काढले. शिंपले उघडे, आत करडं पाणी. त्याच्या चारही रांगा, तिच्या तिन्ही.

संध्याकाळी आम्ही तिच्याकडे गेलो. तिनं त्याला पेला भरून दिला.

"बस ना. पाण्यापुढे कुणाचं चालतं?"

तो बसला नाही. "ओदेत, मला फेब्रुवारीपासून वास येत नाही."

तिनं बाटली खाली ठेवली. "मग पाणी हुंगलंस कशाला?"

"तू विचारलंस म्हणून. सगळे बघत होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं त्याच्यासमोरचा पेला उचलला, मोरीत ओतला आणि धुऊ लागली. आम्ही बाहेर पडलो.

या वर्षी ओदेतनं कालवं लावली नाहीत. त्यानंही नाहीत. धक्क्यावर त्याला आता कुणी काही विचारत नाही. तो रोज येतो, बाकावर बसतो. वारा पडला की उठून घरी जातो.