माळावरचा खड्डा

देवणीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सिद्धराम चहाला बसला की कुणीतरी विचारणारच, "काय अप्पा, उडालं का?" अन् सगळी टेबलं हसणार. सिद्धराम बशीत चहा ओतायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "उडंल." कैक वर्षं हेच. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून सोडून देणारा माणूस, पण आत लागायचं त्याला. 'उडालं, मी उडवलं' असं एकदा सांगायला मिळावं, एवढीच हाव होती.

वेल्डिंगचं दुकान त्याचं. अल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड, मोटरसायकलचं इंजिन, लाकडी पंखा आणि एका माणसापुरती जागा. असलं विमान त्यानं शेतातल्या पत्र्याच्या शेडात उभं केलं. वजन वाचवायला सीटची गादीसुद्धा काढून टाकली. विमान हलकं होत गेलं अन् मालक जड. आता बायकोच्या हातची भाकर अन् त्यावर लोणी, सोडायचं म्हणून सुटतंय का? माळावर विमान लई पळायचं, उठायचं मात्र नाही.

पळताना शेपूट उचलतं का, हे एकदा बाहेरून बघायचं म्हणून त्यानं बायकोला, नीलम्मालाच आत बसवलं. बाई काटकुळी, पण ट्रॅक्टर हाकणारी. "नुसतं पळवायचं. बाभळीच्या अलीकडं थांबायचं," त्यानं बजावलं.

नीलम्मानं पळवलं. शेपूट उचललं, सिद्धरामनं मांडीवर थाप मारली. मग चाकंही उचलली. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून विमान बाभळीच्या बाजूनं गेलं आणि पलीकडं आदळत, उड्या मारत थांबलं.  सिद्धराम धावत सुटला.

नीलम्मा धडधाकट खाली उतरली. नवऱ्याचा पहिल्या उड्डाणाचा मान आपण घेतला, हे तिला तेवढ्यात कळलं होतं.

"खड्डा व्हता वाटतं," ती पदर झटकत म्हणाली. "उसळलं जरासं."

 सिद्धराम मागं वळून चाकांचा माग बघत चालत गेला. मुरमावर माग एका जागी तुटला होता आणि लांब पुढं जाऊन पुन्हा सुरू झाला होता. मधला मुरूम कोरा. खड्डा कुठला असायला? हा पट्टा त्यानंच कुदळीनं सपाट केला होता, गोटा न गोटा वेचून. तो तिथं उभा राहिला. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोला. अन् त्याच घटकेला छातीही भरून आली, हेही तेवढंच खरं.

"नीलम्मा, हितं खड्डा न्हाई."

"मला काय ठावं. म्या डोळे झाकले व्हते."

"कसं वाटलं?"

ती हसू दाबत थांबली. "तव्यावर भाकर फुगती न्हवं, तसं झालं पोटात."

संध्याकाळी हॉटेलात नेहमीचा प्रश्न आलाच. "काय अप्पा, उडालं का?"

सिद्धरामनं बशीत चहा ओतला. "उडालं."

सगळी टेबलं त्याच्याकडं वळली.

"आमच्या नीलम्मानं उडवलं," तो म्हणाला आणि फुंकर न मारताच चहा पिऊन टाकला.