गलक्यात लागलेली झोप

बाळाचे डोळे जन्मापासून सारखे थरथरत. कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलाचेही असेच थरथरायचे. मेंदूतल्या नसांवरचे आवरण नीट तयार होत नाही, असा त्याचा आजार; तो आईकडून मुलाकडे येतो हे कळेपर्यंत तिची कित्येक वर्षे दवाखाने पालथे घालण्यात गेली. म्हणून आमच्या डॉक्टरांनी लगेच बेरा टेस्ट सांगितली. कानात टकटक आवाज सोडायचा आणि तो नसांमधून मेंदूकडे कसा जातो, हे पडद्यावरच्या लाटांत पाहायचे. दुखत काही नाही, फक्त बाळ गाढ झोपलेले हवे. मी दत्तमहाराजांची भक्त खरी, पण त्या सकाळची माझी प्रार्थना म्हणजे दमदाटीच होती. टेस्ट चांगली येऊ दे आणि याला शांत झोपव, एवढेही जमणार नसेल तर कशाला रोज दिवा लावू, असे मी बजावले होते.

बाळ काही झोपेना. औषध दिले, ते त्याने ओकून टाकले. ती खोली इतकी बंदिस्त, की आपलाच श्वास ऐकू यावा. मांडी हलवून, नामस्मरण करून मी थकले. तपासणारी मुलगी मात्र जराही वैतागली नाही. "ताई, घाई नाही. बाहेर फिरवून आणा," म्हणाली. एवढा धीर मी देवासमोरसुद्धा कधी धरलेला नाही.

बाहेर एक आजी आजोबांना कानाचे मशीन बसवायला घेऊन आल्या होत्या. "अहो, मशीन कानात घालायचं असतं, खिशात नाही!" त्यांचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमत होता. माझे डोकेच फिरले. जरा हळू बोला, असे सांगायला मी वळले, तर बाळाचे डोळे मिटू लागलेले! तेव्हा लख्ख उजेड पडला. मार्केट यार्डात आमचा कांद्याचा गाळा. पोत्यांमागच्या झोळीत, लिलावाच्या गलक्यात झोपणारे हे पोर. त्याला शांततेचीच भीती वाटत होती.

"आजी, बोलत राहा, थांबू नका," मी म्हणाले.

"अगंबाई! उभ्या संसारात असं म्हणणारी तू पहिलीच भेटलीस," आजी म्हणाल्या आणि आजोबांना नव्या जोमाने फैलावर घेतले. बाळ गाढ झोपले, तसेच मी त्याला अलगद आत नेले.

पहिली लाट, कानाजवळच्या नसेची, स्वच्छ उमटली. मेंदूकडच्या पुढच्या आल्याच नाहीत. नंतर रक्ताच्या तपासणीतही तोच आजार निघाला. त्या दिवशी तिथेच मी खूप रडले. तपासणाऱ्या मुलीने माझा हात धरला. "कान उत्तम आहे त्याचा. पुढची वाट अवघड आहे, पण अशा मुलांना आवाज कळतो. बोलत राहा त्याच्याशी," म्हणाली. निघताना आजींनी विचारले, "झोपलं ना लेकरू? मग पावला देव." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

आज राग नाही. बहिणीला मिळाला नाही तो वेळ मला मिळाला; बाळाचे व्यायाम लगेच सुरू झाले, मानही आता थोडी धरतो. हमालाने हाळी दिली की झोळीतून खुदकन हसतो. महाराजांनी त्या दिवशी कोणाला पाठवले, याचा मी खल करीत नाही. मी दिवसभर त्याच्याशी मोठ्याने बोलते आणि संध्याकाळी दिवा लावून एवढेच म्हणते, महाराज, पहिल्या लाटेपर्यंत मी पोचवते, पुढचे तुम्ही बघा.