खाणीच्या गावात आई

आईला मी नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या गावी आणलं ते एकाच भरवशावर. इंग्लंडमध्ये भूकंप होत नाहीत. त्र्याण्णवच्या लातूरच्या भूकंपात आमचं दगडामातीचं घर बसलं, त्यात मावशी गेली. आई अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तेव्हापासून ती सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, पक्क्या छताखाली पाय ठेवायला तयार नव्हती. मी म्हटलं, आता कायमची माझ्याकडे राहा.

आणि राहिलीही. हळूहळू वरच्या बेडरूममध्ये झोपायला लागली. माझ्या फोडणीला नावं ठेवायला लागली, तेव्हा मला हायसं वाटलं.

एका शनिवारी दुपारी ती भाकरी थापत होती आणि घरावर लॉरी आदळावी तसा दणका बसला. कपाटातल्या बशा वाजल्या. मी "काही नाही गं" म्हणेपर्यंत आई पिठाच्या हातांनी बॅक गार्डनमध्ये पोचलेली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, घाबरू नका, आमची खाणच आहे ती. तिचा नवरा त्याच कोळशाच्या खाणीत होता. खालून कोळसा काढला की वरचा खडक बसतो, जमीन हलते. मी या गावाची जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, मला हे माहीत होतं. पण त्या हिसक्याला भूकंप म्हणायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी आईला समजावलं की हा देवाचा भूकंप नव्हे, माणसांचा आहे. मला वाटलं, तिला धीर येईल. कसलं काय.

"माणसं करतात?" ती म्हणाली. "मग सांग की त्यांना, बंद करा म्हणावं. तू डॉक्टरीण आहेस, तुझं ऐकतील."

काय सांगणार, कपाळ माझं. सरकार एकेक खाण बंद करत सुटलं होतं आणि अख्खं गाव आमची खाण वाचवा म्हणून रस्त्यावर उतरलं होतं. माझ्या सर्जरीच्या, म्हणजे दवाखान्याच्या, खिडकीतही तेच पोस्टर, मीच लावलेलं. खाण गेली तर या घरांचं काय होईल ते मला रोज पेशंटच्या तोंडावर दिसत होतं. आईचं मात्र एकच पालुपद, बंद करा म्हणावं. झोपेच्या गोळीपलीकडे मला काही सुचलं नाही, आणि ती तिनं घेतली नाही.

त्या दिवसापासून तिनं मुक्काम बागेतल्या लाकडी शेडमध्ये हलवला, गवत कापायच्या मशीनशेजारी. मी रागावले, रडले, लोक काय म्हणतील हेही म्हणून झालं. शेजारीण मात्र रोज संध्याकाळी चहा आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन तिच्यापाशी बसे. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण त्यांचं काही अडत नव्हतं. थंडी वाढली, आईची छाती भरायला लागली. शेवटी मीच तिकीट काढलं आणि तिला लातूरकडे तिच्या गावी सोडून आले.

पुढं खाण बंद झाली. गावासाठी जीव तुटला आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. त्याच दिवशी फोन लावला.

"आई, खाण बंद झाली. आता काही हलणार नाही. ये तू."

ती म्हणाली, "शेजारणीचा नवरा?"

"घरी बसलाय."

"मी देवीला नवस बोलले होते गं, ती खाण बंद पाड म्हणून. रोज, त्या शेडमध्ये बसून. तिनं आणलेला चहा पीत."

मी परोपरीनं सांगितलं, अगं, सरकारनं बंद केली, तुझ्या नवसाचा काय संबंध. इतक्या खाणी गेल्या, त्यांना कोण नवस बोललं होतं? तिला ते पटलं नाही. कोणत्या तोंडानं शेजारणीसमोर येऊ, एवढंच म्हणत राहिली. ती पुन्हा कधी आली नाही.

शेजारीण कुंपणावरून विचारायची, आई कधी येणार? मी सांगायचे, व्हिसाचं बघतेय.